एका पगारावर गृहकर्ज लवकर फेडायचं, तर पहिला रुपया कुठे भरावा?

प्रश्न असा आहे: बेळगावच्या वडगावात स्वतःचं घर, उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये नोकरी, हातात महिन्याला ४२,००० रुपये. कमावणारा एकच, घरात पत्नी आणि दोन मुलं. दोन वर्षांपूर्वी २० लाखांचं गृहकर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, हप्ता १७,३५६. शिवाय सहकारी पतसोसायटीचं १ लाखाचं कर्ज आहे, १२ टक्क्यांचं, ३ वर्षांचं, त्याचे १४ हप्ते भरून झालेत. सोन्यावर १ लाख २० हजार घेतलेत, महिन्याला शेकडा १ रुपया व्याजाने. क्रेडिट कार्डावर ३६,००० थकलेत. रोजची १०० रुपयांची पिग्मी, म्हणजे एजंटकडे रोज भरायची ठेव, पुढच्या महिन्यात वर्षाची होते आणि ५०,००० ची एफडी आहे. पिग्मी आणि एफडी मिळून जे येईल ते गृहकर्जात भरून टाकू का?

नका भरू. गृहकर्ज हे तुमच्याकडचं सगळ्यात स्वस्त कर्ज आहे आणि एफडी ही तुमच्या घराची एकमेव उशी, म्हणजे अडीअडचणीचा राखीव पैसा आहे. पगार एकच असलेल्या घरात लवकर फेडण्याचा बेत फसतो तो कमी भरल्यामुळे क्वचितच. हाताशी होतं नव्हतं ते सगळं बँकेत भरतात, तीन महिन्यांनी आजारपण किंवा ले-ऑफ येतो आणि मग पुन्हा सोनं घेऊन बँकेच्या दारात उभं राहावं लागतं. साडेआठ टक्क्यांचं फेडून बारा टक्क्यांचं घेतलं, असा तो हिशेब होतो. म्हणून आधी कुठे भरायचं याचा क्रम ठरवू, गृहकर्जाकडे नंतर येऊ.

कार्ड पहिलं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. ३६,००० वर ते १,२६० होतं आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी धरून १,४८७. ‘किमान रक्कम’ म्हणून ५ टक्के, म्हणजे १,८०० भरत असाल तर मुद्दलात जातात जेमतेम ३१३ रुपये. हेच ३६,००० गृहकर्जात भरले तर वर्षाला ३,०६० वाचतील. कार्डात भरले तर १७,८०० च्या वर. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, किराणा घेतला त्या दिवसापासून व्याज लागतं. पुढच्या महिन्यात पिग्मीचे साधारण साडेछत्तीस हजार हातात येतील, ते जसेच्या तसे इथे भरा. भरताना बिलावरचा आकडा धरू नका. बिल निघाल्यापासून भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं आणि ‘कार्ड संपलं’ म्हणून ते बिल कुणी पाहत नाही. त्या चार-दोनशे रुपयांवर मग उशिराचा दंड चढू शकतो. फोन करून त्या दिवशीची पूर्ण फेडीची रक्कम विचारा, ती भरा आणि पुढचं बिल शून्य आलेलं बघा.

पिग्मी महिनाभर आधी मोडू मात्र नका. मुदतीआधी बंद केल्यास बहुतेक ठिकाणी व्याज मिळत नाही, उलट काही टक्के कापले जातात. आणि ती संपली की सध्या तरी पुन्हा सुरू करू नका. रोज गल्ला मोजणाऱ्या दुकानदाराला पिग्मी उत्तम, पण पगारदाराच्या डोक्यावर बारा टक्क्यांचं सोनेतारण असताना रोज १०० रुपये तीन-चार टक्क्यांत साठवणं म्हणजे तोटाच. एजंट ओळखीचा असतो, नाही म्हणायला जड जातं, तरी सांगून टाका.

कार्डाचे १,८०० आणि पिग्मीचे ३,००० मिळून महिन्याला ४,८०० मोकळे झाले. आता सोसायटीकडे वळू. ‘१२ टक्के’ म्हणजे नेमकं काय ते आधी पाहा. १ लाखावर १२ टक्क्यांप्रमाणे ३ वर्षांचे ३६,००० एकदम मिळवून ३६ ने भागलं की हप्ता ३,७७८ येतो. तुमचा हप्ता इतकाच असेल, तर हे सरळ, म्हणजे फ्लॅट व्याज आहे. मुद्दल दरमहा कमी होतं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. उतरत्या बाकीच्या हिशेबाने हाच दर साधारण २१ टक्के पडतो. मग हेच आधी फेडावं असं वाटेल, पण ते एका गोष्टीवर अवलंबून आहे. आज पूर्ण बंद केलं तर उरलेल्या २२ महिन्यांचं व्याज सोडतात का? सोडत असतील तर ६१,१११ भरून २२,००० वाचतात. काही ठिकाणी लवकर बंद केलं तरी सगळं व्याज वसूल करतात किंवा वर दंड लावतात. तसं असेल तर लवकर भरून एक रुपयाही वाचत नाही. सोसायट्या आणि सौहार्द (कर्नाटकातल्या वेगळ्या सहकारी कायद्याखालच्या) पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येत नाहीत, त्यांचे स्वतःचे उपविधी असतात. म्हणून तोंडी ‘करून देऊ’ यावर थांबू नका, बंद करण्याची रक्कम लेखी मागा. थोडे थोडे जादा भरण्यात इथे अर्थ नसतो, फ्लॅट कर्जात त्याने व्याज कमी होत नाही.

व्याज सोडत असले तरी एकदम ६१,००० तुमच्याकडे नाहीत. दरमहा ४,८०० साठवत गेलात तर नवव्या महिन्यात बंद करण्याएवढी रक्कम होईल, पण तोवर सोन्यावर पूर्ण व्याज चालू राहील. दोन्ही वाटा महिन्यावर मांडून पाहिल्या तर सगळं संपायला फरक पडतो जेमतेम एका महिन्याचा. इतक्या थोड्यासाठी सोनं अडकवून ठेवावं असं मला वाटत नाही. सोसायटीचा हप्ता चालू दे, ४,८०० सोन्यात भरा.

सोन्याला आधी घेण्याचं कारण नुसतं व्याज नाही. दरमहा फक्त व्याज भरायचं आणि मुद्दल वर्षाच्या शेवटी, अशा बोलीचं सोनेतारण बहुधा वर्षभराचं असतं. वर्ष भरलं की लोक व्याज भरून ते ‘फिरवतात’. सोन्याचा भाव चढला की फिरवताना वर आणखी रक्कम मिळते आणि ती घेण्याचा मोह होतो. मुद्दल असं कधीच उतरत नाही. फिरवायला उशीर झाला तर नोटीस, मग लिलाव. उलट, सुटलेलं सोनं घरी आलं की तेच अडीअडचणीची सोय होतं. एका दिवसात त्यावर पैसे उभे राहतात. म्हणून दरमहा व्याजाचे १,२०० आणि वरचे ४,८०० असे ६,००० ठरलेल्या तारखेला भरा. पावतीवर ‘मुद्दल जमा’ हा आकडा वेगळा दिसला पाहिजे. व्याज घटत जाईल तसं मुद्दलात जास्त जाईल आणि साधारण २२ महिन्यांत सोनं मोकळं होईल. दागिने वेगवेगळ्या पावत्यांवर असतील तर एकेक पावती पूर्ण करून तेवढे दागिने सोडवत चला.

उशीबद्दल. घरखर्चाला तुमच्याकडे सध्या १४,८०० च्या आसपास उरतात. त्यात तिन्ही हप्ते मिळवले तर महिना ३७,००० चा होतो. तीन महिन्यांचे १ लाख १० हजार बाजूला हवेत. एफडीचे ५०,००० ही सुरुवात समजा. दिवाळीचा बोनस पहिल्या वर्षी पूर्ण यातच टाका. ओव्हरटाइमचे, आणि घरी कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० येत असतील तर तेही. गृहलक्ष्मीवर हप्ता मात्र कधीच बांधू नका, ती रक्कम कधी दोन-तीन महिन्यांची एकदम येते. हे पैसे बँकेत ठेवा, सोसायटीत नको. बँकेतल्या ठेवीला, मग ती बँक सहकारी असली तरी, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी संकटकाळचा पैसा तिथे ठेवू नये. जूनमधली शाळेची फी आणि गणपती हे संकट नव्हेत, दोन्ही दरवर्षी येतात. त्यांचं वेगळं खातं करून महिन्याला हजार-पंधराशे टाका, नाहीतर जूनमध्ये कार्ड पुन्हा बाहेर निघेल.

विमा थोडक्यात. कमावणारा एकच असेल तर मुदतीचा साधा विमा, टर्म पॉलिसी, आगाऊ फेडीच्याही आधी. किमान कर्जाएवढा अधिक घराच्या दहा वर्षांच्या खर्चाएवढा. बँकेने कर्ज देताना एकरकमी हप्त्याचा विमा कर्जातच मिळवला असेल तर मंजुरीपत्र काढून बघा. त्याचं कवच बहुधा कर्जाबरोबर उतरत जातं आणि विम्याच्या त्या हप्त्याच्या रकमेवर तुम्ही २० वर्षं व्याज भरता.

आता गृहकर्ज. तुमच्या पहिल्या हप्त्यातल्या १७,३५६ पैकी १४,१६७ व्याज होतं, मुद्दल फक्त ३,१८९. दोन वर्षं भरूनही बाकी १९ लाख १७ हजारांच्या घरात आहे. सुरुवातीला भरलेल्या जादा रुपयाला म्हणूनच वजन असतं. दुसऱ्या वर्षाअखेर १ लाख भरले तर शेवटचे २४ हप्ते कमी होतात, व्याज सव्वातीन लाखांच्या आसपास वाचतं. तेच १ लाख बाराव्या वर्षाअखेर भरले तर कमी होतात ११ हप्ते, वाचतात ९०,०००.

पण हे खरं होतं ते हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर. दुसऱ्या वर्षीच्या त्या १ लाखावर बँकेने हप्ता कमी करून दिला तर तो ९०५ रुपयांनी उतरतो आणि अखेरपर्यंत वाचतात ९५,००० च्या आसपास. सव्वातीन लाख कुठे आणि ९५,००० कुठे! बऱ्याच ठिकाणी अर्जात काही लिहिलं नाही तर त्यांच्या सोयीने करतात. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता आहे तोच ठेवावा, मुदत कमी करावी, आणि नवा परतफेड तक्ता द्यावा.’ आपल्याकडे शाखेतले साहेब अनेकदा बाहेरचे असतात, मराठी वाचता येईलच असं नाही. अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्या.

चूक होते ती इथेच. जादा भरलेली रक्कम ‘आगाऊ हप्ते’ म्हणून जमा होते. पुढचे तीन हप्ते भरले असं दिसतं, खातं खूश दिसतं, पण मुद्दल उतरत नाही आणि व्याज तेवढंच राहतं. आठवड्याने खात्याचा उतारा काढा. भरल्या तारखेला बाकी तेवढ्याच रकमेने उतरली नसेल तर त्याच दिवशी तक्रार द्या. हाउसिंग फायनान्स कंपन्या बऱ्याचदा एक-दोन हप्त्यांपेक्षा कमी रक्कम घेत नाहीत. तिथे चार-सहा महिन्यांचं साठवून भरावं लागतं. व्याज रोजच्या बाकीवर लागत असेल तर हप्ता गेल्याच्या दुसऱ्या दिवशीच भरून मोकळे व्हा, महिनाअखेरीपर्यंत ठेवलं तर ते घरात खर्च होतं.

दंडाची भीती नको. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार बँकांना २०१२ पासून लावता येत नाही, हाउसिंग फायनान्स कंपन्यांनाही लावता येत नाही. स्थिर दराचं कर्ज असेल तर मंजुरीपत्र बघा, तिथे आकार असू शकतो.

तुमच्या बाबतीत आकडे असे बसतात. २२ महिन्यांनी सोन्याचे ६,००० आणि सोसायटीचे ३,७७८ मोकळे होतील, म्हणजे ९,७७८. त्यातले ८,००० गृहकर्जाच्या हप्त्यावर चढवा, उरलेले घरात घ्या. दोन वर्षं ओढाताण काढलेल्या घराला थोडी सैल दोरी लागते. तेव्हा गृहकर्जाची चार वर्षं झालेली असतील, बाकी १८ लाख १८ हजार. १७,३५६ च्या जागी २५,३५६ भरत गेलात तर उरलेली १६ वर्षं ८ वर्षं ४-५ महिन्यांवर येतात. एकूण कर्ज साडेबारा वर्षांच्या आत संपतं आणि पावणेआठ लाखांच्या वर व्याज वाचतं. यात पगारवाढ धरलेलीच नाही. ८,००० जड वाटले तर वर्षातून एक जादा हप्ता भरा. सुरुवातीपासून असं केलं तर २० वर्षांचं कर्ज पावणेसतरा वर्षांत संपतं.

व्याजदराकडे वर्षातून एकदा तरी बघा. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५० वरून ५.५० वर आला. ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडलेली असतात आणि व्याजदर तीन महिन्यांतून किमान एकदा नव्याने ठरतो. दर उतरल्यावर बँकेने हप्ता कमी करू का विचारलं तर नको म्हणा. त्याआधीचं, जुन्या एमसीएलआर पद्धतीचं, म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दराचं, कर्ज असेल तर थोडं शुल्क भरून नव्या पद्धतीत बदलून घेता येतं. हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तिचा स्वतःचा दर असतो, तिथे दर कमी करण्यासाठी लेखी विचारावं लागतं.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घराचं कर्जच सोसायटीतून १२ टक्क्यांनी घेतलेले अनेक आहेत. कारण बहुधा कागद: गुंठ्यांचा प्लॉट, ई-खाता (मालमत्तेची ऑनलाइन नोंद) झालेला नाही, पंचायत हद्दीतल्या घराला फॉर्म ९ आणि ११ हे पंचायतीचे उतारे नाहीत. अशा घराच्या मालकाला बँक दारात उभं करत नाही. त्यांनी आगाऊ फेडीआधी कागद पूर्ण करण्यामागे लागावं. १० लाख, १५ वर्षं, १२ टक्क्यांनी हप्ता १२,००२ बसतो. हेच कर्ज बँकेत ८.५ वर नेऊन हप्ता तेवढाच भरत राहिलं तर ते साडेदहा वर्षांत संपतं, खिशातून एक रुपया जादा न घालता. प्रक्रिया शुल्क, वकिलाची तपासणी, मूल्यांकन आणि नव्या तारणाची नोंदणी हा खर्च आधी विचारून घ्या. आधीच्या सोसायटीचा बंद करण्याचा आकारही.

गावाकडे शेती असेल तर एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. कृषी पत्तीन संघाचं, म्हणजे गावच्या शेती पतसंस्थेचं (पीकेपीएस), पीककर्ज राज्याच्या योजनेत ५ लाखांपर्यंत शून्य व्याजाचं आहे, मात्र वेळेवर फेडलं तरच. ते लवकर फेडून काही मिळत नाही आणि एक दिवस चुकला तर सवलत जाते. मुदतीच्या आठवडाभर आधी भरा आणि उसाचं बिल आलं तर आधी याचे पैसे बाजूला काढा. कायद्याने कारखान्याने १४ दिवसांत बिल द्यायचं असतं, पण गृहकर्जाचा जादा हप्ता त्या भरवशावर ठरवू नका.

पत्नीच्या नावावर गटाचं, मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर तेही यादीत हवं. प्रश्नात ते नाही, पण बऱ्याच घरांत ते हिशेबात धरलेलंच नसतं. त्याचा दर वीस टक्क्यांच्या वर असू शकतो आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. ते कर्ज क्रमात कार्डाच्या खालोखाल येतं. लिलावाची भिशी लवकर उचलून कर्ज फेडण्याचा बेतही अनेकांचा असतो. लिलावात जी सूट सोडता तेच तुमचं व्याज, ते महिन्यांवर वाटून काढल्याशिवाय बोली लावू नका.

आयकरासाठी कर्ज चालू ठेवावं हा सल्ला तुम्हाला लागू नाही. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, आणि तुमच्या पगारावर तिथे तसाही कर बसत नाही. पीएफला हात लावू नका. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं, गृहकर्जाच्या दराजवळच.

कर्ज संपल्यावरचं काम शेवटच्या हप्त्याइतकंच महत्त्वाचं. १ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे: पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि बोजा उतरवायचा, तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद कुठल्या शाखेतून घ्यायचे हेही तुम्ही सांगू शकता. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी आजच शोधून ठेवा, परत घेताना तीच हातात धरून एकेक पान मोजायचं आहे. खातं बंद झाल्यावर ऑटो-डेबिटचा आदेश रद्द करा, दिलेले कोरे चेक परत घ्या.

कर्नाटकात कागद तारण ठेवल्याची नोंद सब-रजिस्ट्रारकडे झालेली असेल तर ती ईसीत, म्हणजे मालमत्तेवरच्या व्यवहारांच्या आणि बोजाच्या दाखल्यात दिसते, आणि नुसत्या ना-देय दाखल्याने ती जात नाही. बँकेच्या अधिकाऱ्याने सही केलेला तारणमुक्तीचा दस्त त्याच कार्यालयात नोंदवावा लागतो. शेतजमीन तारण असेल तर पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याच्या, ११ व्या रकान्यातला बोजाही बँकेचं पत्र देऊन काढून घ्यावा लागतो. दस्त नोंदल्यावर पंधरा-वीस दिवसांनी नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून कर्ज घेतलेल्या वर्षापासून आजपर्यंतची ईसी काढा. फॉर्म १५ वर तारणाची आणि ते सुटल्याची, अशा दोन्ही नोंदी दिसल्या पाहिजेत. त्या दिसेपर्यंत ना-देय दाखल्याची मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्सच द्या.